दुपारचा फोन

इस्पितळात तिला सगळे हॅलोमावशी म्हणायचे. खरं नाव फक्त हजेरीपुरतं उरलं होतं.

तळमजल्यावर जिन्याखाली एक चिंचोळी खोली होती. खिडकी नाही, वर एक करकरणारा पंखा, आणि नावालाच फिरती असलेली एक खुर्ची, जी कधीच फिरायची नाही. समोर टेलिफोनचा बोर्ड. बाहेरून फोन आला की बारीक दिवा लागायचा, ती कानाला हेडफोन लावून "हॅलो, इस्पितळ" म्हणायची आणि वायर बरोबर हव्या त्या भोकात खुपसायची. सगळं आयुष्य तिने असं माणसाला माणूस जोडण्यात घालवलं.

आवाजावरून तिला माणूस कळायचा. घाबरून बोलणाऱ्याला ती आधी सांगायची, "सावकाश बोला. मी कुठे जात नाहीये." एवढ्यानेच समोरच्याचा श्वास जागेवर यायचा. मोठे सर्जन, ज्यांच्यासमोर अख्खा वॉर्ड चिडीचूप व्हायचा, तेही घरचा फोन आला की तिला हळूच विचारायचे, "मावशी, आवाज कसा आहे? चिडलीय का?" आणि ही गंभीरपणे सांगायची, "जोडते साहेब. पण जपून." ऐकलेली गोष्ट तिने कधी या कानाची त्या कानाला केली नाही. तिच्या तोंडात तीळ भिजायचा, फुगायचा, पण बाहेर पडायचा नाही.

घरी मात्र बोलायला कोणी नव्हतं. नवरा बेकरीची गाडी चालवायचा. पहाटे निघायचा, दुपारी येऊन झोपायचा. माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या तोंडून दिवसभरात चार शब्द बाहेर पडले तर घरात गलका झाल्यासारखं वाटायचं. एकुलता एक मुलगाही बापावर गेलेला.

मग तिला मैत्रीण मिळाली, तीही फोनवरच.

शहराच्या दुसऱ्या टोकाला रक्तपेढी होती आणि तिथे फोनवर एक बाई बसायची. दोघींचं रोजचं बोलणं कामापुरतं. कुठला गट, किती बाटल्या, गाडी निघाली का. एके दिवशी बाळंतपणाच्या वॉर्डात एका मुलीचा रक्तस्राव थांबेना. गट दुर्मिळ, पेढीत शिल्लक नाही. रक्तपेढीवाली म्हणाली, "फोन ठेवू नकोस. धरून बस." आणि दुसऱ्या लाइनवरून ती एकेका रक्तदात्याला गाठायला लागली. कोणी शेतावर, कोणी दुकानात, कोणी झोपलेलं. हॅलोमावशीने एका वायरीवर वॉर्ड धरला, दुसरीवर रक्तपेढी. मधे वॉर्डातून सिस्टर ओरडायची, ते हॅलोमावशी शांतपणे पुढे सांगायची. संध्याकाळ होता होता रक्त आलं. मुलगी वाचली, बाळही वाचलं. हॅलोमावशीने तो निरोप रक्तपेढीला सांगितला. मग पलीकडून आवाज आला, "अगं, मला कसली भूक लागलीय. सकाळपासून पोटात काही नाही."

हॅलोमावशी इतकी हसली, की हसता हसता रडायला लागली. पलीकडचीही रडत होती.

"घरी पोचलीस की फोन कर," रक्तपेढीवाली म्हणाली. "नाहीतर आज मला झोप यायची नाही."

त्या दिवसापासून त्या एकमेकींना नावाने हाक मारेनाशा झाल्या. "काय गं इस्पितळ?" असं ती म्हणायची, आणि "बोल गं रक्तपेढी," असं ही.

कामाच्या वेळात बोलणं दोन वाक्यांचं. खरं बोलणं जेवणाच्या सुट्टीत. एका हातात डबा, दुसऱ्या हातात रिसीव्हर. पुढे इस्पितळात आपोआप जोडणारं यंत्र आलं, बोर्ड उचलून नेला, हॅलोमावशी निवृत्त झाली. रक्तपेढीवालीही पाठोपाठ घरी बसली. त्याच सुमाराला हॅलोमावशीचा नवरा गेला; जसा जगला तसाच, न बोलता. त्यानंतर दुपारचा तो फोन तिच्या दिवसाचा कणा झाला. जेवण झालं, भांडी घासून पालथी घातली, की फोनपाशी खुर्ची ओढायची.

काय बोलायच्या म्हणाल, तर काहीही. गुडघ्यांपासून राजकारणापर्यंत. सुनेची तक्रार, मग त्याच सुनेचं कौतुक. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं दोघी मिळून सोडवायच्या आणि एका शब्दावरून भांडायच्या. त्यांचा एक खेळही होता. ही इस्पितळातला जुना एक्स्टेंशन नंबर सांगायची, तिने खातं ओळखायचं. "बेचाळीस?" "क्ष-किरण!" "सतरा?" "शवागार. मेल्यांनी सतराच दिला होता, मला चुकून शंभरदा लागायचा." मग तिने आपल्या पेढीतले नंबर विचारायचे. दोघींनाही सगळे पाठ. खातं कुठलं, तिथे कोण बसायचं, कोणाचा आवाज घोगरा, कोण कोणाला लपून फोन करायचं, सगळं बाहेर निघायचं.

इतक्या वर्षांत त्या प्रत्यक्ष भेटल्या एकदाच. मुलांनी फार आग्रह केला म्हणून एका बागेत. बाकावर शेजारी शेजारी बसल्या आणि दोघींना काही सुचेना. रक्तपेढीवाली बुटकी निघाली. हॅलोमावशीच्या डोक्यात ती कायम उंच होती. "बरी आहेस ना?" "हो. तू?" "हो." एवढंच. तासाभरात आपापल्या घरी परत. घरी पोचल्या पोचल्या फोन वाजला. "काय गं इस्पितळ, तू एवढी गोरी असशील असं वाटलं नव्हतं हं!" आणि मग त्या भेटीवर दोघी दिवे लागेपर्यंत बोलत होत्या. पुन्हा भेटायचं नाव दोघींनी काढलं नाही. फोनवर त्या एकमेकींना पुरत होत्या.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याने नव्या वस्तीत, नवव्या मजल्यावर घर घेतलं. "लिफ्ट बंद पडली तर?" असं आईने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "घरचाच डॉक्टर आहे." सून औषधांच्या दुकानात कामाला. तीही भली बाई. सासूला तिने वेगळी खोली दिली, खिडकीपाशी पलंग लावला. हॅलोमावशीने एकच हट्ट धरला, घरात वायरचा फोन पाहिजे. "मोबाइलवर बोलायचं म्हणजे साबणाची वडी कानाला लावल्यासारखं वाटतं," ती म्हणायची. मुलाने हसत हसत जोडून दिला.

जुनी गल्ली सुटली. तिथले भाजीवाला, शिंपीण, समोरच्या खिडकीतली म्हातारी, रोज हाक मारणारी दहा माणसं सुटली. नव्या इमारतीत सगळी दारं बंद. लिफ्टमधे माणसं वरच्या आकड्यांकडे बघत उभी राहायची. पण हॅलोमावशीला त्याचं काही वाटलं नाही, कारण दुपारचा फोन होता.

एका दुपारी रक्तपेढीवाली म्हणाली, "आज थोडक्यात आटपू गं. दम लागतोय."

"दम? काय डोंगर चढून आलीस?"

"नाही गं. बोलताना लागतोय."

"परवाही असंच म्हणालीस. तुला हल्ली माझा कंटाळा आलाय, सरळ सांग ना."

"आलाय बाई, आलाय. ठेव आता," पलीकडची हसत म्हणाली.

"ठेवते. नाही करत उद्या. झोप खुशाल." आणि हॅलोमावशीने खरोखरच फोन आपटला. त्यात राग थोडा आणि लाड जास्त, असं दोघींचं नेहमीचंच होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोड व्हायचं, हेही नेहमीचंच.

पण दुसऱ्या दिवशी सकाळीच हॅलोमावशीच्या छातीत कळ आली. मुलाने तिला दवाखान्यात नेलं. हृदयाची एक नळी बंद झाली होती, ती उघडावी लागली. ती तिथे अतिदक्षता विभागात असताना मुलाला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. रक्तपेढीवालीची मुलगी होती.

"आमची आई काल रात्री गेली. फुप्फुसात पाणी झालं होतं. मावशींचा फोन कोणी उचलत नव्हतं, म्हणून तुमचा नंबर शोधला. मावशींना सांगाल?"

मुलगा काचेतून आत बघत होता. आईच्या नाकाला नळी, छातीवर तारा. डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते, काही दिवस मनाला धक्का बसेल असं काही नको.

"मी सांगतो," तो म्हणाला. "पण आत्ता नाही. तुम्हीही कृपा करून फोन करू नका. मीच सांगेन, योग्य वेळ बघून."

"बरं दादा," ती म्हणाली. तिच्या घरात तेव्हा प्रेत होतं. वाद घालायची ती वेळ नव्हती.

हॅलोमावशी घरी आली. दुसऱ्या दिवशी भांडी पालथी घालायचं कारण नव्हतं, सूनच सगळं करत होती. तरी जेवण झाल्यावर तिने खुर्ची ओढली आणि नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजत राहिली. संध्याकाळी मुलगा आल्यावर तिने सांगितलं, "उचलत नाही कोणी."

"त्या त्यांच्या मुलीकडे राहायला गेल्यात," मुलगा म्हणाला. "तू दवाखान्यात होतीस तेव्हा कळलं."

"मुलीकडचा नंबर दे मग."

"तिथे रेंज नसते आई."

एक खोटं झाकायला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं. सून त्याला स्वयंपाकघरात गाठून म्हणायची, "अहो, सांगून टाका आता. आई सावरल्यात." तो म्हणायचा, "या तपासणीनंतर." तपासणी चांगली आली की म्हणायचा, "आता बरी आहे, कशाला पुन्हा घोर लावायचा?" त्याचं आईवर प्रेम नव्हतं असं नाही. उलट फार होतं. बाप गेला तेव्हा आईला रडताना बघून त्याने मनाशी ठरवलं होतं, की पुन्हा हिला असं रडू द्यायचं नाही. त्या न बोलणाऱ्या माणसाला एवढंच जमण्यासारखं वाटत होतं.

पण फोन जोडण्यात जन्म गेलेल्या बाईला किती दिवस फसवणार? पलीकडची घंटी एके दिवशी बंद झाली. हा नंबर अस्तित्वात नाही, असं एक यंत्र बोलायला लागलं. हॅलोमावशी रिसीव्हर हातात धरून बसून राहिली. मग तिने दोनाला दोन जोडले, आणि उत्तर चुकीचं काढलं. मैत्रीण मेली असेल हे तिच्या मनातही आलं नाही, कारण मेली असती तर मुलाने सांगितलं असतं. तिला वाटलं, ती रुसली.

"मी फोन आपटला ना," ती सुनेला म्हणाली. "तिला दम लागत होता आणि मी आपटला. मग मी दवाखान्यात होते तरी तिने चौकशी केली नाही. माझा नवा नंबर तिला पाठ आहे. एकदा तरी केला असता."

"त्यांना जमलं नसेल आई," सून म्हणाली आणि पाठ फिरवून ओटा पुसत राहिली. नवऱ्याला तिने न सांगायचं वचन दिलं होतं.

त्यानंतर हॅलोमावशी त्या शेवटच्या बोलण्याला पीळ घालत बसली. काय म्हणाले मी? कुठल्या सुरात म्हणाले? "झोप खुशाल" हे जास्त झालं का? आयुष्यभर लोकांचे सूर ओळखलेली बाई, आता स्वतःचाच सूर आठवून आठवून झिजवत होती. हळूहळू तिने फोनपाशी बसणं सोडलं. वाजला तरी उचलेना. इस्पितळातल्या दोघीतिघी जुन्या सिस्टर अधूनमधून फोन करायच्या. "झोपलेय म्हणून सांग," असं ती सुनेला सांगायची. शब्दकोड्याचं पान तसंच घडीत राहायला लागलं. सकाळी मुलगा-सून कामावर गेले, की संध्याकाळपर्यंत त्या घरात फक्त पाण्याच्या टाकीचा आवाज. खिडकीतून नवव्या मजल्यावरून माणसं दिसायची, पण चेहरे नाही दिसायचे.

आधी शब्द गेले. चमच्याला ती "ते ढवळायचं" म्हणायला लागली. मग एकच गोष्ट दोनदा, तीनदा. घरातल्यांना वाटलं, वय झालं. मग एक दिवस मुलाने कामावरून फोन केला, आणि बऱ्याच दिवसांनी तिने तो उचलला.

"हॅलो, इस्पितळ," ती म्हणाली. स्वच्छ, ठाम, जुना आवाज.

मुलगा हसला. "आई, मी बोलतोय."

"कोणाला जोडू?"

"अगं आई, मी!"

"सावकाश बोला," ती म्हणाली. "मी कुठे जात नाहीये. कोणता वॉर्ड हवाय?"

तो लिफ्टच्या खड्ड्यात उभा होता. वर त्याचा सहकारी दोर सोडत होता, हाका मारत होता. लहानपणी आई कामावर असताना तिला फोन करायचा, तेव्हा त्याला भीती वाटायची, तिने आपल्याला ओळखलं नाही तर. तेव्हा ती लगेच ओळखायची.

स्मृतीच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला बराच वेळ तपासलं. चित्रं दाखवली, घड्याळ काढायला लावलं, डोक्याचा फोटो काढून आणला. मग मुलाला आणि सुनेला समोर बसवून विचारलं, "दिवसभर त्या कोणाशी बोलतात?"

"आम्ही आहोत ना," मुलगा म्हणाला.

"तुम्ही दिवसभर घरी असता?"

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. मग तीच बोलली. दुपारचा फोन, मैत्रीण, तिचं जाणं, लपवणं, रुसवा, सगळं भडाभडा सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हा आजार तुमच्यामुळे झाला, असं मी म्हणणार नाही. ते खरंही नाही. तो कदाचित आधीपासून आत कुठेतरी असेलच. पण माणसाशी बोलण्यात मेंदूला किती काम पडतं, याची आपल्याला कल्पना नसते. आठवायचं, ऐकायचं, उत्तर जुळवायचं, चिडायचं, हसायचं. ते काम गेलं, की जे टिकून राहिलं असतं तेही लवकर ढासळतं. आणि मनाला काही लागलं असेल, तर आणखीच." थांबून त्या म्हणाल्या, "त्यांना सांगा. अजून समजू शकतात तोवर सांगा."

मुलाने रक्तपेढीवालीच्या मुलीला फोन केला. त्याला वाटलं होतं ती चिडेल. ती म्हणाली, "मी किती दिवस वाट पाहिली दादा. येते."

रविवारी सकाळी ती आली. हॅलोमावशी आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. बाहेर दारात ती पाहुणी सुनेला म्हणाली, "लिफ्ट एकदम छान आहे हो तुमची." एवढंच. आणि आतून आवाज आला, "रक्तपेढी?"

रक्तपेढीवालीचा आणि तिच्या मुलीचा आवाज हुबेहूब एक होता.

हॅलोमावशी भिंतीला धरून धरून बाहेर आली. चेहरा उजळला होता. बऱ्याच दिवसांत कोणी तो तसा पाहिला नव्हता. "आलीस? गेला एकदाचा रुसवा? अगं, मी रागाने नाही आपटला फोन. मी आपलं... बस ना. बस. बुटकीच आहेस अजून."

पाहुणी दारातच थिजली. तिने मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. त्या क्षणी "हो, आले" म्हणणं किती सोपं होतं. तिने चपला काढल्या, पुढे झाली, हॅलोमावशीचे दोन्ही हात धरले आणि तिला खुर्चीत बसवलं.

"मावशी, मी तिची मुलगी आहे. आई नाही आली. आई गेली, मावशी."

"कुठे गेली?"

"वारली."

हॅलोमावशी तिच्या ओठांकडे बघत राहिली. तो आवाज आणि ते शब्द तिला एकत्र जुळवता येत नव्हते. "कधी?"

"तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा. दीड वर्ष झालं."

"मग ती रुसली नव्हती?"

"नाही हो. शेवटच्या दिवशी बोलता येत नव्हतं तिला, तोंडावर मास्क होता. तो बाजूला करून मला म्हणाली, इस्पितळाला कळव, आज मला जमायचं नाही. मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, आई, आपण इस्पितळातच आहोत. तेव्हा मास्कच्या आत हसली ती."

हॅलोमावशी रडली. आवाज न करता, खांदे हलवत, बराच वेळ. मग मान वर करून तिने मुलाकडे पाहिलं. नजर लख्ख होती.

"तुला माहीत होतं?"

"हो," मुलगा म्हणाला.

"आणि मी तिला रोज मनात बोल लावत होते. तू बघत होतास." त्याला वाटलं, तिने मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवशी ती व्यवस्थित जेवली. पाहुणीकडून तिने मैत्रिणीचं सगळं विचारून घेतलं. खिडकीपाशी बसून दोघींनी जुन्या गोष्टी काढल्या. मुलाला वाटलं, उशीर झाला, पण झालं एकदाचं. त्याचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर हॅलोमावशी सुनेला म्हणाली, "तिचा फोन नाही आला बघ. रुसलीय."

सांगितलेलं पुसून गेलं होतं. बोचरं तेवढं मात्र जागच्या जागी होतं. आजाराने तिच्या डोक्यातली खातीच्या खाती बंद केली, पण ही एक लाइन तेवढी चालू ठेवली.

त्यांनी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा पहिल्यासारखीच रडली, पुन्हा मुलाकडे पाहून "तुला माहीत होतं?" म्हणाली. तिसऱ्यांदा असं झालं, तेव्हा मुलगा घराबाहेर पडला आणि जिन्यात बसून राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मृत्यू रोज नव्याने सांगू नका. रुसली नाही, एवढंच सांगा.

मग रक्तपेढीवालीच्या मुलीने आपण होऊन ठरवलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती फोन करायला लागली. आपण आपली आई आहोत असं तिने एकदाही भासवलं नाही. दर वेळी सुरुवातीलाच सांगायची, "मावशी, मी तिची मुलगी. आईने निरोप दिलाय, तुमच्यावर तिचा काडीचाही राग नाही." सूनही दुपारची घरी राहता येईल अशी पाळी मागून घेऊन शेजारी बसायची. आठवड्यातून दोनदा तिला खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांच्या बैठकीत न्यायची.

थोडे दिवस खरंच बरे गेले. फोनवर हॅलोमावशी तरतरीत व्हायची. मुलगी विचारायची, "बेचाळीस?" आणि ही क्षणात, "क्ष-किरण!" एकदा "सतरा" विचारल्यावर ती खुदकन हसली आणि म्हणाली, "मेल्यांनी सतराच दिला होता." ते वाक्य तिचं नव्हतंच, तिच्या मैत्रिणीचं होतं. पलीकडे मुलीने रिसीव्हरवर हात ठेवून हुंदका गिळला.

पण ते दिवस उसने होते. पुढच्या थंडीपर्यंत आकडे गेले. मग तो आवाज कोणाचा, तेही गेलं. ती रिसीव्हर कानाला धरून ऐकत राहायची, आणि मुलगी पलीकडून बोलत राहायची. आज ऑफिसात काय झालं, बाहेर ऊन कसं पडलंय. एक दिवस हॅलोमावशीने वाक्य संपायच्या आधीच रिसीव्हर सावकाश खाली ठेवला, राग नाही, लोभ नाही, आणि खिडकीकडे तोंड केलं. सून म्हणाली, "आता पुरे करूया ताई." तरी ती मुलगी कितीतरी दिवस दुपारी तिच्या खुशालीला फोन करायची. सुनेशीच बोलायची.

एका सुट्टीच्या दिवशी मुलगा आईपाशी एकटा होता. तिची नखं कापत होता. तिने बोटं विश्वासाने त्याच्या हातात सोडून दिली होती. कापता कापता तो एकदम थांबला.

"आई, मी चुकलो," तो म्हणाला. "मला वाटलं मी तुला जपतोय. तुझ्यापाशी एकच माणूस होतं, ते गेल्यावर मी तुला नीट रडूसुद्धा दिलं नाही."

आयुष्यात एवढं लांब तो पहिल्यांदाच बोलला असेल. तिने ते सगळं लक्ष देऊन ऐकलं, मान किंचित कलती करून, बोर्डावर बसल्यासारखं. मग तिने मोकळ्या हाताने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. एखाद्या वॉर्डाबाहेर रडत बसलेल्या परक्या माणसावरून फिरवावा तसा.

"होतं हो असं," ती म्हणाली. "फार मनाला लावून घेऊ नका. आई आहे ना तुमची?"

त्याने मान हलवली.

"मग जा की तिच्याकडे. इथे माझ्यापाशी कशाला वेळ घालवता?"

"जातो," तो म्हणाला. आणि दुसरा हात हातात घेऊन उरलेली नखं कापायला लागला.